संगणक झोपतो तेव्हा चालू काम कुठे असते? : वाचकांचे प्रश्न

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावर आहेत: संगणक ‘स्लीप’मध्ये टाकल्यावर आत नेमके काय घडते आणि काही वेळा ते बिनसते कशामुळे. आपल्या भागात वळवाच्या पहिल्या सरीपासून विजेचा भरवसा राहत नाही, त्यामुळे हा प्रश्न अनेकांच्या रोजच्या कामाशी निगडित आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : खानापुरात माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नसराईत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतल्या पत्रिकांची कामे एकाच वेळी चालू असतात, म्हणून दुपारी जेवायला घरी जाताना मी संगणक बंद न करता ‘स्लीप’ करतो. परवा वळवाच्या पावसात तीन तास वीज नव्हती आणि यूपीएसही संपला. परत येऊन पाहतो तर संगणक नव्याने सुरू झाला आणि उघड्या ठेवलेल्या चारही पत्रिका गेल्या. पूर्वी याच संगणकावर वीज गेली तरी काम जसेच्या तसे परत मिळत असे. मध्यंतरी सी ड्राइव्ह भरला म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने एक मोठी फाइल काढून जागा करून दिली होती. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : संबंध आहे, आणि तो थेट आहे. मात्र तो कळण्यासाठी झोपेच्या वेळी चालू काम कोठे ठेवले जाते, हे आधी पाहावे लागेल.

१९९२ च्या सुमारास आलेल्या जुन्या पद्धतीत संगणकाला झोपवण्याचा निर्णय बराचसा बायोस (मदरबोर्डवरच्या चिपमधला, संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) घेत असे, आणि त्या क्षणी विंडोज कोणते काम करीत आहे याची बायोसला कल्पना नसे. ही अडचण दूर करण्यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय नावाचे मानक प्रसिद्ध केले आणि निर्णयाचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपवला. संगणकाच्या अवस्थांना याच मानकाने क्रमांक दिले. एस-० म्हणजे पूर्ण जागा, एस-३ म्हणजे आपण ज्याला स्लीप म्हणतो ती अवस्था, एस-४ म्हणजे हायबरनेट (चालू काम डिस्कवर उतरवून संगणक बंद करणे) आणि एस-५ म्हणजे बंद. एस-१ आणि एस-२ या मधल्या अवस्था आज जवळपास वापरात नाहीत, त्यामुळे त्या सोडून देऊ.

आपण ‘स्लीप’वर क्लिक केले की ऑपरेटिंग सिस्टीम प्रथम चालू प्रोग्रॅमना सूचना देते. विंडोज एक्सपीमध्ये एखाद्या प्रोग्रॅमला ‘आत्ता नको’ असे सांगून झोप रोखता येत असे. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासून ही मुभा काढून घेण्यात आली, आणि आता आवराआवर करण्यासाठी प्रोग्रॅमला साधारण दोन सेकंद मिळतात. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सर्व प्रोग्रॅम गोठवले जातात. वीस सेकंदांत एखादा गोठला नाही तर झोपण्याचा प्रयत्नच रद्द होतो आणि संगणक जागा राहतो. त्यानंतर पाळी येते उपकरणांची. प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, आपल्या उपकरणाची स्थिती रॅममध्ये (चालू काम ठेवणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत) नोंदवून ते उपकरण बंद करतो, आणि यातला क्रम काटेकोर असतो: आधी पेन ड्राइव्ह, मग तो ज्यावर लावला आहे तो यूएसबी कंट्रोलर, मग त्याच्या वरची जोडणी. जागे होताना हाच क्रम उलटा चालतो. एखादा ड्रायव्हर नीट लिहिलेला नसेल तर झोपेतून उठल्यावर वाय-फाय गायब होणे किंवा पडदा काळाच राहणे असे प्रकार घडतात, आणि त्यांचे मूळ बहुधा इथेच असते.

शेवटी प्रोसेसरचा एकच गाभा जागा उरतो. तो आपली स्थिती रॅममध्ये लिहितो, उठल्यावर कोठून पुढे जायचे तो पत्ता फर्मवेअरला (बायोससारख्या मूळ प्रोग्रॅमला) सापडेल अशा ठरलेल्या जागी नोंदवतो आणि एका रजिस्टरमध्ये, म्हणजे हार्डवेअरमधल्या छोट्या नोंदकप्प्यात, झोपेचा आकडा टाकतो. त्यासरशी प्रोसेसर, पंखा, डिस्क आणि पडदा यांची वीज तुटते. वीज मिळत राहते ती मुख्यतः रॅमला.

आपल्या चारही पत्रिका त्या वेळी होत्या त्या याच रॅममध्ये. रॅममधला प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो भार सतत गळत असतो. म्हणून प्रत्येक ओळ साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते. झोपेत रॅमच्या चिपा हे काम स्वतःच करीत राहतात. डेस्कटॉपमध्ये त्यासाठी लागणारी वीज एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) ५ व्होल्टच्या स्वतंत्र ‘स्टँडबाय’ तारेतून येते. ही तार संगणक बंद दिसत असतानाही चालू असते. पाठीमागचा खटका बंद केला किंवा भिंतीकडची वीज गेली तरच ती मरते. यूपीएस संपला त्या क्षणी ती मेली आणि पत्रिकाही तिच्याबरोबर गेल्या. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण पुष्कळांचा तसा समज असतो: स्लीप करणे म्हणजे फाइल ‘सेव्ह’ करणे नव्हे. ऑपरेटिंग सिस्टीम तुमचे काम जिथे आहे तिथेच जिवंत ठेवते. ते डिस्कवर उतरवणे तिने अंगावर घेतलेले नसते.

मग पूर्वी काम परत कसे मिळत होते? व्हिस्टापासून विंडोजमध्ये ‘हायब्रिड स्लीप’ नावाची सोय आहे आणि डेस्कटॉपवर ती सहसा आपोआप चालू असते. तीत झोपण्यापूर्वी रॅममधल्या मजकुराची एक प्रत सी ड्राइव्हवरच्या ‘हायबरफिल डॉट सिस’ या लपवलेल्या फाइलमध्ये लिहिली जाते, आणि रॅमही जिवंत ठेवली जाते. वीज टिकली तर संगणक रॅममधून चटकन उठतो. वीज गेली तर डिस्कवरच्या प्रतीवरून उठतो. थोडा वेळ जास्त लागतो, पण काम जागच्या जागी असते. ही फाइल कित्येक जीबींची असते, आणि सी ड्राइव्हवर जागा हवी असली की दुरुस्ती करणाऱ्यांचे लक्ष प्रथम तिच्याकडेच जाते. आपल्या वर्णनावरून तीच काढली गेली असावी. ती काढायची तर हायबरनेटची सोयच बंद करावी लागते, आणि तिच्याबरोबर हायब्रिड स्लीपही निमूटपणे बंद होते. पडद्यावर याची कसलीही सूचना येत नाही, आणि मला हा मोठा दोष वाटतो. ग्राहकाच्या कामावरचे संरक्षण काढून घेताना त्याला एका वाक्यात तरी सांगायला हवे.

उपाय सोपा आहे. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडावा. त्यात रोमन लिपीत ‘पॉवर’ हा शब्द, त्याला जोडूनच सी, एफ, जी ही तीन अक्षरे, मग मोकळी जागा, तिरपी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) आणि तिला जोडूनच एच, पुन्हा मोकळी जागा आणि ‘ऑन’ असे टाइप करून एंटर दाबावे. त्यानंतर कंट्रोल पॅनलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत सेटिंगमध्ये ‘स्लीप’खाली ‘अलाऊ हायब्रिड स्लीप’ चालू आहे ना, ते पाहावे. सी ड्राइव्हवर खरोखरच जागा नसेल तर पत्रिकांच्या जुन्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर हलवाव्यात, पण ही फाइल राहू द्यावी. आणि जेवायला उठण्यापूर्वी प्रत्येक उघड्या पत्रिकेत एकदा कंट्रोल-एस दाबण्याची सवय ठेवावी. दुसऱ्याच्या घरचे कार्य आपल्या हातात असते.

प्रश्न : आमच्या घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे आणि पलीकडच्या खोलीत हिशेबाचा संगणक आहे. रात्री स्लीप करून ठेवलेला संगणक पहाटे माग सुरू झाले की आपोआप जागा होतो. माग बंद असतील त्या दिवशी तो झोपूनच राहतो. विजेच्या दाबात फरक पडतो म्हणून असे होते, असे एकाने सांगितले. ते खरे आहे का? (एक वाचक, वडगाव, बेळगाव)

उत्तर : दाबाची शक्यता अगदीच नाही असे नाही, पण माझा पहिला संशय माउसवर आहे. आजचा माउस आपल्या पोटातल्या छोट्या कॅमेऱ्याने खालच्या पृष्ठभागाची सतत छायाचित्रे घेतो आणि त्यांतल्या फरकावरून हालचाल ओळखतो. टेबलाला हादरा बसला की त्याला ती हालचालच वाटते. झोपेतही काही उपकरणांना संगणक उठवण्याचा अधिकार दिलेला असतो, आणि कीबोर्ड व माउस त्यांत बहुधा असतातच.

अंदाजावर न थांबता खात्री करून घ्यावी. संगणक असा जागा झाला की लगेच कमांड प्रॉम्प्टमध्ये, वर सांगितलेल्या आज्ञेच्या पहिल्याच शब्दापुढे मोकळी जागा, तिरपी रेघ आणि जोडूनच ‘लास्टवेक’ असे रोमनमध्ये टाइप करावे. कोणी उठवले त्याची नोंद तिथे येते. माउसचे किंवा यूएसबीचे नाव आले तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये माउस उघडून ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावरची, संगणक उठवू देण्याची खूण काढून टाकावी. कीबोर्डची खूण राहू द्यावी, म्हणजे कळ दाबून संगणक उठवता येईल. नाव नेटवर्क कार्डाचे आले तर तिथेही तीच खूण काढावी. ‘टायमर’ असा उल्लेख आला तर अपडेट किंवा देखभालीचे एखादे ठरावीक काम त्याला उठवत आहे असे समजावे, आणि ‘पॉवर ऑप्शन्स’मधले ‘वेक टायमर्स’ बंद करावेत.

प्रश्न : मी बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो आणि रोज निपाणीहून बसने जातो. घरून निघताना झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकतो. दीड-दोन तासांच्या प्रवासानंतर काढतो तेव्हा तो कधीकधी चटका बसावा इतका तापलेला असतो आणि बॅटरीही बरीच उतरलेली असते. माझ्या मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप मात्र दोन दिवस मिटून ठेवला तरी थंड राहतो. नवा लॅपटॉप सदोष आहे का? आणि रोज हायबरनेट केल्याने एसएसडी खराब होते असे मित्र म्हणतात, ते कितपत खरे? (एक विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : लॅपटॉप सदोष असण्याची शक्यता कमी आहे. बदलली आहे ती झोपण्याची पद्धत.

आपल्या भावाचा लॅपटॉप एस-३ मध्ये जातो, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे त्याच्या प्रोसेसरची वीज खरोखरच तुटते. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने एक निराळी पद्धत आणली आणि विंडोज १० पासून तिला ‘मॉडर्न स्टँडबाय’ हे नाव मिळाले. मोबाइलप्रमाणे लॅपटॉपही क्षणात जागा व्हावा आणि मिटलेला असतानाही टपाल व अपडेट मिळवत राहावा, हा तिचा हेतू. या पद्धतीत एसीपीआयच्या भाषेत संगणक एस-० मध्येच, म्हणजे जागाच असतो. पडदा विझतो, बहुतेक प्रोग्रॅम थांबवले जातात, आणि प्रोसेसर कामांच्या मधल्या रिकाम्या वेळात अगदी कमी विजेवर जाऊन पडतो. दुकानाचे शटर खाली ओढून आत हिशेब चालू ठेवावा, तसा हा प्रकार आहे.

सर्व काही सुरळीत असेल तर ही पद्धतसुद्धा पुष्कळ काटकसरीची आहे. पण प्रोसेसर खोल विश्रांतीत जाण्यासाठी लॅपटॉपमधल्या जवळपास प्रत्येक भागाने शांत व्हावे लागते, आणि वाय-फाय कार्डाचा किंवा ग्राफिक्सचा एखादा ड्रायव्हर चुळबुळत राहिला तरी ती विश्रांती मिळत नाही. एस-३ मध्ये वीज तोडलीच जात असल्याने अशा ड्रायव्हरला वावच नसतो. मॉडर्न स्टँडबायमध्ये मात्र प्रत्येकाच्या सहकार्यावर भिस्त असते. त्यात एखादे अपडेट सुरू झाले तर प्रोसेसर काम करू लागतो, बॅगेत हवा खेळत नाही आणि उष्णता कोंडते. एक्सपीच्या काळात लॅपटॉप बॅगेत तापत, तेव्हा त्याचे एक कारण झोप नाकारणारे प्रोग्रॅम हे होते. ती वाट बंद झाली, पण या नव्या पद्धतीने तेच दुखणे दुसऱ्या दाराने घरात आले.

आपल्या लॅपटॉपवर कोणती पद्धत आहे हे पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये, पहिल्या उत्तरातल्या आज्ञेच्या पहिल्याच शब्दापुढे मोकळी जागा, तिरपी रेघ आणि जोडूनच ‘ए’ असे रोमनमध्ये टाइप करावे. उपलब्ध अवस्थांच्या यादीत ‘एस-० लो पॉवर आयडल’ असे दिसले तर ती मॉडर्न स्टँडबाय होय. ‘ए’च्या जागी ‘स्लीपस्टडी’ असे जोडून लिहिल्यास एक अहवाल तयार होतो. त्यात झोपेचा प्रत्येक कालखंड, त्यात उतरलेली बॅटरी आणि सर्वाधिक चुळबूळ करणाऱ्या भागाचे नाव दिलेले असते. हा अहवाल आपण अवश्य पाहावा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला त्यातून पुष्कळ शिकायला मिळेल. लिनक्सवर हाच भेद ‘एसटूआयडल’ आणि ‘डीप’ या दोन नावांनी दिसतो. यांतले ‘डीप’ म्हणजे एस-३.

दुर्दैवाने बऱ्याच नव्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये एस-३ ठेवलेलाच नसतो, आणि तो नसेल तर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम तो निर्माण करू शकत नाही. मिटलेल्या लॅपटॉपने टपाल तपासावे की वीज वाचवावी, हे ठरवण्याचा हक्क विकत घेणाऱ्याचा असायला हवा आणि निर्मात्यांनी दोन्ही पर्याय द्यायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर खात्रीचा मार्ग हायबरनेटचा. ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये झाकण मिटल्यावर काय करायचे, हे बॅटरीसाठी आणि चार्जरसाठी वेगवेगळे ठरवता येते, दोन्हींसाठी ‘हायबरनेट’ निवडावे. मग रॅममधला मजकूर डिस्कवर उतरतो आणि लॅपटॉप खरोखरच बंद होतो. झाकण मिटल्याबरोबर लॅपटॉप बॅगेत कोंबू नये. दिवा विझेपर्यंत आणि पंखा थांबेपर्यंत तो बाहेर राहू द्यावा.

एसएसडीबद्दलची, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कबद्दलची, भीती हिशेबाने तपासू. १६ जीबी रॅम असली तरी हायबरनेटच्या वेळी वापरातला मजकूरच संक्षेप करून लिहिला जातो. समजा, एका वेळी ६ जीबी लिहिले गेले आणि आपण दिवसातून दोनदा हायबरनेट केले, तर वर्षाला ४.४ टेराबाइटच्या आसपास लेखन होते. ५०० जीबीच्या अनेक चांगल्या एसएसडींना कंपनीने ३०० टेराबाइटच्या लेखनाची हमी दिलेली असते. या गतीने ती मर्यादा गाठायला साठ वर्षांहून अधिक काळ लागेल. बॅगेत रोज तापणारी बॅटरी त्याच्या कितीतरी आधी निकामी होईल.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या संगणकांवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही आहेत. विंडोज रीतसर ‘शट डाउन’ करून उबुंटू सुरू केले तर डी ड्राइव्हवरच्या प्रश्नपत्रिका उघडतात, पण त्यांत बदल करून जतन करता येत नाही. ड्राइव्ह फक्त वाचण्यासाठी आहे असा संदेश येतो. विंडोज ‘रीस्टार्ट’ करून उबुंटूत गेल्यास मात्र सर्व ठीक चालते. शट डाउन आणि रीस्टार्ट यांत एवढा फरक का असावा? (एक शिक्षिका, चिकोडी)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, आणि उत्तर त्या ‘मात्र’मध्येच आहे. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले की विंडोज आपले सर्व प्रोग्रॅम बंद करते, पण स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती त्याच ‘हायबरफिल डॉट सिस’ फाइलमध्ये लिहून ठेवते. म्हणजे आपल्या दृष्टीने संगणक बंद झालेला असतो, पण विंडोजचा गाभा हायबरनेट झालेला असतो. डी ड्राइव्हवर कोणती फाइल कोठे आहे याची माहितीही त्या गोठवलेल्या गाभ्यात जपलेली असते.

अशा स्थितीत उबुंटूने त्या ड्राइव्हवर काही लिहिले, तर पुढच्या वेळी विंडोज जुन्याच माहितीच्या आधारे उठेल आणि दोन्हींच्या नोंदी एकमेकींवर पडून फाइली बिघडतील. हा धोका ओळखूनच उबुंटू लिहिण्यास नकार देते. तो संदेश म्हणजे आपल्या प्रश्नपत्रिकांचे संरक्षण आहे, म्हणून जबरदस्तीने लिहिण्याचे जे उपाय इतरत्र सुचवले जातात ते कृपया करू नयेत. ‘रीस्टार्ट’च्या वेळी विंडोज गाभ्यासह पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होते, म्हणून तेव्हा अडचण येत नाही.

कायमचा उपाय म्हणून प्रत्येक संगणकावर ‘पॉवर ऑप्शन्स’मधल्या ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ या पानावर जाऊन ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढावी. ही खूण बदलण्यासाठी त्याच पानावरच्या वरच्या दुव्यावर आधी क्लिक करावे लागते, आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विचारला जाऊ शकतो. एसएसडी असलेल्या संगणकांवर सुरू होण्याच्या वेळेत फारसा फरक जाणवणार नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकांवर तो जाणवेल, पण दोन ऑपरेटिंग सिस्टीम असलेल्या प्रयोगशाळेत तो सोसणे इष्ट आहे. सगळ्या संगणकांवर हा बदल होईपर्यंत विद्यार्थ्यांना शिफ्ट कळ दाबून धरून ‘शट डाउन’वर क्लिक करायला सांगावे. तसे केल्यास त्या एका वेळेपुरते विंडोज पूर्णपणे बंद होते आणि उबुंटूत प्रश्नपत्रिका जतन करता येतात.